पाच महिन्यांचं बाळ, बहिणीची मज्जा आणि बदललेला रक्तगट

ऑगस्ट १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली. जन्मजात प्रतिकारदोष मज्जा प्रत्यारोपणाने कायमचा बरा झाल्याचं हे पहिलं उदाहरण. डॉ. रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी डिसेंबरच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. इतिहासात या प्रकरणाच्या वाट्याला साधारण दोन ओळी येतात: बहिणीने मज्जा दिली, भाऊ वाचला. प्रत्यक्षात मधे बरंच घडलं होतं. मज्जा दिल्यावर मुलाची प्रतिकारशक्ती जागी झाली आणि त्यानंतर त्याची स्वतःची मज्जा कोरडी पडली. त्याच बहिणीची मज्जा पुन्हा द्यावी लागली, तेव्हा कुठे प्रकरण मार्गी लागलं. माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा त्या दुसऱ्या वेळेत आहे. पुढची पन्नास वर्षं या क्षेत्रात ज्या प्रश्नावर वाद झाले, तो प्रश्न तिथे पहिल्यांदा उघडा पडला.

आजार

मुलाच्या आईच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मुलगे तान्हेपणीच दगावत होते. मुली मात्र ठणठणीत. असं चित्र दिसलं की आनुवंशिकतेचा अभ्यास केलेला माणूस लगेच एक्स गुणसूत्राकडे बोट दाखवतो. मुलीकडे दोन एक्स असतात, एक बिघडलेला असला तरी दुसरा निभावून नेतो. मुलाकडे एकच. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी.

या आजाराचं वर्णन ग्लान्झमान आणि रिनिकर यांनी १९५० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये केलं होतं. आज त्याला तीव्र संयुक्त प्रतिकारदोष किंवा नुसतं ‘स्किड’ म्हणतात. पहिले काही आठवडे बाळ व्यवस्थित दिसतं, कारण गर्भात असताना आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून त्याच्या रक्तात असतात. ती संपत आली की तोंडात पांढरी बुरशी येते आणि औषधाने जात नाही, जुलाब थांबत नाहीत, वजनाचा काटा एका जागी अडकतो. मग न्यूमोनिया होतो, आणि तोही बहुधा धडधाकट माणसाला कधीच न होणाऱ्या जंतूंचा. उपचार झाले नाहीत तर मूल पहिल्या एक-दोन वर्षांत जातं.

निदानात एक साधी फसगत असते, आणि ती आजही होते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा येतो. तान्ह्या बाळात या पेशी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यामुळे दर मायक्रोलिटरमागे दीड हजार हा आकडा प्रौढाच्या कागदावर ठीक असला, तरी तीन महिन्यांच्या बाळाच्या कागदावर तो धोक्याचा आहे. प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात प्रौढांची मर्यादा असेल तर त्या आकड्यापुढे कसलीही खूण येत नाही, आणि कागद फाइलमध्ये जातो. दुसरी खूण छातीच्या एक्स-रेत सापडते. तान्ह्या बाळाच्या हृदयावर थायमस ग्रंथीची जी सावली दिसायला हवी, ती इथे नसते.

नेमका जीन सापडायला १९९३ साल उजाडलं. इंटरल्यूकिन नावाच्या संदेशवाहक रेणूंसाठी पेशींवर जे ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांतल्या सहांमध्ये ‘गॅमा साखळी’ हा एक सामाईक भाग असतो. तोच या मुलांमध्ये बिघडलेला असतो. इंटरल्यूकिन-७ चा निरोप पोचत नाही म्हणून टी पेशी (थायमसमध्ये घडणारे लिम्फोसाइट) तयार होत नाहीत, इंटरल्यूकिन-१५ चा पोचत नाही म्हणून एनके पेशी होत नाहीत. बी पेशी संख्येने असतात, पण प्रतिपिंडं बनवायच्या कामाला त्या लागत नाहीत. १९६८ मध्ये यातलं काहीही माहीत नव्हतं. तरी उपचार जमला, ही गोष्ट मला अजूनही थोडी अद्भुत वाटते.

तोवरचा अनुभव

थायमसचं काम काय, हेच मुळी १९६१ मध्ये जॅक मिलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून लंडनमध्ये स्पष्ट झालं. गुड यांच्या गटात १९६५ मध्ये कोंबड्यांवर काम करून दाखवण्यात आलं की प्रतिकारसंस्थेच्या दोन शाखा आहेत. एक थायमसच्या आश्रयाने वाढते, दुसरी प्रतिपिंडं बनवते. ‘स्किड’ झालेल्या बाळात दोन्ही शाखा बंद दिसतात. तेव्हा बिघाड दोघींच्या समान उगमाशी असणार, आणि तो उगम मज्जेत. मज्जा द्यायचा विचार असा तर्काने आला होता.

मज्जा प्रत्यारोपणाची तोवरची कीर्ती मात्र वाईट होती. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांत मज्जा शिरेतून दिल्याचं प्रसिद्ध केलं. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर किरणोत्साराने भाजलेल्यांना पॅरिसमध्ये जॉर्ज माथे यांनी मज्जा दिली. पण कायमचं यश कुणाच्याच पदरी पडत नव्हतं. १९७० मध्ये मॉर्टिमर बोर्टिन यांनी तोवरच्या २०३ प्रत्यारोपणांचा आढावा घेतला, तो वाचताना यादी कमी आणि मृत्यूंची नोंदवही जास्त वाटते. अनेकांनी हा नाद सोडून दिला होता.

अडचण दुहेरी होती. रुग्णाची प्रतिकारशक्ती परकी मज्जा नाकारते, हे मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणातही होतंच. मज्जेच्या बाबतीत उलटंही घडतं, कारण मज्जेबरोबर दात्याच्या लिम्फोसाइट पेशी येतात आणि त्यांना रुग्णाचं अख्खं शरीर परकं दिसतं. कातडी, आतडी आणि यकृत यांच्यावर त्या तुटून पडतात. एका वाक्यात सांगायचं तर इथे पाहुणाच यजमानावर उलटतो. रूपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६६ मध्ये या प्रकाराच्या तीन अटी मांडल्या: दिलेल्या पेशी लढायला समर्थ हव्यात, रुग्णाच्या शरीरात त्यांना परकं वाटेल असं काही हवं, आणि रुग्ण त्या पेशींना हुसकावून लावायला असमर्थ हवा. ‘स्किड’ झालेलं बाळ तिसरी अट जन्मतःच पूर्ण करतं. म्हणूनच अशा बाळांना नुसतं रक्त चढवलं तरी त्यातल्या मूठभर जिवंत लिम्फोसाइट पेशींनी जीव जाऊ शकतो. आज त्यांना रक्त देताना ते किरणांनी प्रक्रिया केलेलं असावं लागतं, ते यामुळेच.

उपाय एकच दिसत होता. दाता असा निवडायचा की त्याच्या पेशींना रुग्ण परका वाटणार नाही. पांढऱ्या पेशींवरचे एचएलए प्रतिजन, म्हणजे आपलं-परकं ठरवणाऱ्या खुणा, ओळखायचं काम जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये सुरू केलं होतं, आणि पॉल तेरासाकी यांच्या १९६४ च्या चाचणीमुळे ते थोड्याशा रक्तात करता येऊ लागलं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. या मुलाला बहिणी होत्या, ही त्याच्या नशिबातली पहिली चांगली गोष्ट.

पहिली मज्जा

एका बहिणीचे प्रतिजन जवळजवळ जुळले, पण पूर्ण नाही. एका प्रतिजनाचा फरक राहिला. शिवाय रक्तगट वेगळे: मुलाचा ए, बहिणीचा ओ. आजच्या चष्म्यातून पाहिलं तर हा दाता चांगला, पण आदर्श नाही. तेव्हा तर पर्यायच नव्हता.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. मुलाला कसलंही केमो दिलं नाही आणि किरणोपचारही केले नाहीत. रक्ताच्या कर्करोगात मज्जा देण्याआधी रुग्णाची मज्जा आणि प्रतिकारशक्ती मोडून काढावी लागते. इथे मोडायला प्रतिकारशक्तीच नव्हती. परक्या पेशींना अडवणारं कुणी नाही, म्हणून त्या आत शिरल्या आणि रुजल्या. ज्या दोषाने मूल मरणार होतं, त्याच दोषाने प्रत्यारोपणाला दार उघडून दिलं. पहिलं यश कर्करोगात न येता या दुर्मिळ आजारात आलं, त्याचं कारण हेच.

काही दिवसांतच ताप आणि पुरळ दिसू लागलं. दात्याच्या पेशी यजमानावर उलटल्या होत्या, पण बेताने, आणि तो भर ओसरला. त्यानंतर मुलाच्या रक्तात काम करणारे लिम्फोसाइट दिसू लागले. प्रतिकारशक्ती आली. प्रकरण इथेच संपलं असतं तर ती दोन ओळींची कथा खरी ठरली असती.

मधला भाग

या वेळी मुलाच्या शरीरात दोन माणसांच्या पेशी नांदत होत्या. लिम्फोसाइट बहिणीचे होते. तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि बाकीच्या पांढऱ्या पेशी त्याच्या स्वतःच्या, कारण त्या बनवणारी त्याची मज्जा शाबूत होती. ‘स्किड’मध्ये मज्जा आजारी नसते, तिच्यातून निघणारी एक वाट तेवढी बंद असते. बहिणीच्या पेशींनी ती रिकामी वाट धरली. मज्जेतल्या मूळ जागा मात्र मुलाच्याच पेशींनी भरलेल्या राहिल्या.

मग या दोघांचं पटेनासं झालं. मुलाच्या रक्तपेशी घटू लागल्या, आणि एकाच प्रकारच्या नव्हे, सगळ्याच. मज्जा तपासली तर ती ओस पडत चाललेली. हे काम जंतूंचं किंवा औषधाचं नव्हतं. बहिणीच्या प्रतिकारपेशींना मुलाच्या रक्तपेशी परक्या वाटत होत्या आणि त्या त्यांचा नायनाट करत होत्या, असा निष्कर्ष गुड यांच्या गटाने काढला. ज्या पेशी त्याला जंतूंपासून वाचवायला आणल्या होत्या, त्या त्याचं रक्त संपवत होत्या.

अशा वेळी दोन मार्ग दिसतात. नव्या प्रतिकारपेशी औषधांनी दाबून टाकायच्या, म्हणजे मूल पुन्हा पहिल्या जागी. किंवा त्याच बहिणीची मज्जा आणखी द्यायची, म्हणजे रक्तही तिचंच होईल आणि भांडायला दुसरा पक्ष उरणार नाही. गुड यांनी दुसरा मार्ग धरला. त्या काळी, हाताशी एकही पूर्वानुभव नसताना, मूल आधीच अत्यवस्थ असताना, हा निर्णय धाडसी होता. पण त्यामागचा तर्क स्वच्छ होता.

मज्जा पुन्हा दिली गेली आणि या वेळी ती पूर्णपणे रुजली. मुलाच्या मज्जेतल्या पेशींत एक्स-एक्स गुणसूत्रं दिसू लागली, म्हणजे पेशी मुलीच्या होत्या. रक्तगट ए होता तो ओ झाला. रक्तगट बदलणं ही आज प्रत्यारोपण विभागातली रोजची बाब आहे, परिचारिका त्याची नोंद करून पुढच्या कामाला लागतात. तेव्हा मात्र सबंध रक्तसंस्था बदलल्याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नव्हता. मुलगा मोठा झाला, बाप्या झाला, आणि कित्येक दशकं निरोगी जगला.

१९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या प्रकरणाचा दुसरा अहवाल आला. लेखकांत तेरासाकी होते, आणि शीर्षकातच एचएलए जुळणीचं महत्त्व ठासून सांगितलेलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. जुळणी इतकी जवळची नसती तर पहिल्याच फेरीत मूल गेलं असतं. पण मला या घटनाक्रमात आणखी एक गोष्ट दिसते. दुसऱ्या वेळी मज्जा पूर्ण रुजली, कारण पहिल्या फेरीतल्या संकटाने तिच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली होती. प्रतिकारशक्तीचा अडथळा नसणं वेगळं आणि मज्जेत बसायला जागा असणं वेगळं. पहिल्या वेळी अडथळा नव्हता, पण जागाही नव्हती. दुसऱ्या वेळी दोन्ही जमून आलं, तेही अपघाताने.

त्याच अंकातलं दुसरं मूल

हा तर्क मी नुसता मागे वळून लादतोय असं वाटू नये, म्हणून ‘लॅन्सेट’च्या त्याच अंकातलं दुसरं प्रकरण पाहायला हवं. विस्कॉन्सिनमध्ये फ्रिट्झ बाख यांच्या गटाने विस्कॉट-ऑल्ड्रिच आजार असलेल्या मुलाला बहिणीची मज्जा दिली होती. या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी असते, पण ती नसते असं नाही. शिवाय प्लेटलेट कमी आणि आकाराने बारीक असतात, त्यामुळे रक्तस्राव होतो. मज्जा नाकारली जाऊ नये म्हणून या मुलाला सायक्लोफॉस्फमाइड दिलं होतं. त्याची प्रतिकारशक्ती सुधारली. प्लेटलेट मात्र सुधारले नाहीत.

सायक्लोफॉस्फमाइड लिम्फोसाइट पेशींना झोडपतं, मज्जेतल्या मूळपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्यांना, फारसं हात लावत नाही. म्हणजे अडथळा हटला, जागा झाली नाही. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, बोस्टनमध्ये रॉबर्टसन पार्कमन यांच्या गटाने तयारीत सर्वांग किरणोपचार घेतले, तेव्हा हाच आजार प्लेटलेटसकट पूर्ण बरा झाला. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या साधाव्या लागतात, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

त्यानंतरचा हिशेब

बहुतेक बाळांना जुळणारं भावंड नसतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये मज्जेतून टी पेशी आधीच काढून टाकायची रीत आली. सोयाबीनमधलं एक प्रथिन वापरून नको त्या पेशींच्या गुठळ्या करायच्या आणि मागे उरलेल्या मूळपेशी द्यायच्या. त्यामुळे निम्मी जुळणी असलेले आई-वडील दाते होऊ लागले, आणि ‘स्किड’च्या प्रत्येक बाळाला कुणीतरी दाता मिळायची सोय झाली.

पण केमो न देता मज्जा दिली की १९६८ च्या पहिल्या फेरीसारखंच चित्र पुन्हा पुन्हा दिसे. टी पेशी दात्याच्या, बाकी रक्त बाळाचं. रक्ताच्या दृष्टीने ते चालून जातं, पण बी पेशीही बाळाच्याच राहतात, आणि गॅमा साखळीच्या आजारात त्या निकामी असतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, घ्यावं लागतं, अनेकांना जन्मभर. काहींच्या टी पेशीही वर्षांनुवर्षांत रोडावत जातात, कारण मागून नवा पुरवठा करणाऱ्या दात्याच्या मूळपेशी मज्जेत रुजलेल्याच नसतात. याला ‘यशस्वी प्रत्यारोपण’ म्हणायचं का, यावर डॉक्टरांमध्ये आजही एकमत नाही. मूल जिवंत आहे, शाळेत जातंय, दर महिन्याला सलाइन लावून बसतंय. मला विचाराल तर ते यशच आहे, पण अर्धं.

जागा करायची तर केमो द्यावं लागतं, बहुधा बसल्फान, आणि तेही काही आठवड्यांच्या बाळाला. मोठ्या मात्रेत त्याची किंमत वंध्यत्वाच्या रूपात मोजावी लागते, यकृत आणि फुप्फुसांनाही धोका असतो. शिवाय ‘स्किड’ म्हणजे एकच आजार नाही. आर्टेमिस नावाच्या जीनमधल्या दोषात शरीराची डीएनए दुरुस्तीच पांगळी असते. अशा मुलांना त्याच गटातलं औषध दिलं तर वाढ खुंटते, दात नीट येत नाहीत, आणि हे कळतं वर्षांनंतर. म्हणून आधी जीन ओळखायचा आणि मग औषधाची मात्रा ठरवायची, असा क्रम आता लागला आहे.

जीन उपचारांतही हाच धागा सापडतो. पॅरिसमध्ये अलँ फिशर आणि मरिना काव्हाझाना यांच्या गटाने १९९९ पासून गॅमा साखळीचा जीन विषाणूमार्फत बाळांच्या स्वतःच्याच मूळपेशींत घातला. केमो दिलं नाही. टी पेशी झकास आल्या, पण दुरुस्त बी पेशी फारशा टिकल्या नाहीत. त्यातच विषाणू चुकीच्या जागी जाऊन बसल्याने पॅरिस आणि लंडन मिळून २० मुलांपैकी ५ जणांना ल्युकेमिया झाला, त्यांतलं एक दगावलं. हा धोका विषाणूच्या रचनेचा होता आणि तो पुढे कमी केला गेला. २०१९ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने वेगळ्या विषाणूबरोबर बसल्फानची हलकी मात्रा वापरून आठ बाळांवर केलेले उपचार प्रसिद्ध केले. टी पेशींच्या जोडीने बी आणि एनके पेशीही आल्या, आणि काहींचं इम्युनोग्लोब्युलिन थांबवता आलं. हलकी का होईना, जागा केली होती.

जगण्या-मरण्याचा निकाल मात्र अजून एका गोष्टीवर ठरतो, आणि ती म्हणजे वय. उत्तर अमेरिकेतल्या २५ केंद्रांतल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेली ९४ टक्के बाळं पाच वर्षांनी जिवंत होती. त्याहून मोठी आणि प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्ग सुरू असलेली निम्मीच. १९६८ चं बाळ पाच महिन्यांचं होतं. घरातल्या आधीच्या मृत्यूंमुळे त्याच्यावर लक्ष होतं म्हणून ते वेळेत पोचलं. घराण्यात आधी कुणीच गेलेलं नसेल तर असं लक्ष कोण ठेवणार?

ते काम आता टाचेतून घेतलेल्या रक्ताचा वाळलेला ठिपका करतो. थायमसमध्ये टी पेशी तयार होताना डीएनएचा एक तुकडा कापला जाऊन त्याचं छोटं वर्तुळ बनतं. त्याचा उपयोग काही नाही, पण ते पेशीत पडून राहतं. ठिपक्यात अशी वर्तुळं सापडली नाहीत, तर टी पेशी बनतच नाहीयेत असं समजायचं. विस्कॉन्सिनने २००८ मध्ये ही चाचणी सर्व नवजात बाळांना सुरू केली, २०१८ संपेपर्यंत ती अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत पोचली. तिथे साधारण ५८,००० जन्मांमागे एक ‘स्किड’ सापडतं. २०२३ मध्ये ९०२ मुलांचा मोठा आढावा आला, त्यात दिसलं की पाच वर्षं जगण्याचं प्रमाण २८ वर्षं ७२-७३ टक्क्यांवर अडून होतं, ते २०१० नंतर ८७ वर गेलं, आणि चाचणीतून सापडलेल्या बाळांत ९२.५ वर. दरम्यान औषधं आणि तंत्रं बदलत होतीच. तरीही हलला आकडा तो मुख्यतः चाचणीने.

या चाचणीमुळे जुना प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. बाळ आता तीन-चार आठवड्यांचं असतानाच हाती येतं. त्याला संसर्ग नाही, ते हसतंय, दूध पितंय, आणि त्याला केमो द्यायचं की नाही ते ठरवायचं आहे. स्टॅनफर्डमध्ये यावर एक वेगळी वाट तपासली गेली आहे. मज्जेतल्या मूळपेशींवर सीडी११७ नावाचा ग्राहक असतो. त्याला चिकटणारं प्रतिपिंड देऊन तेवढ्याच पेशी जागेवरून उठवायच्या आणि बाकी शरीराला धक्का लावायचा नाही. पहिल्या चाचण्या ‘स्किड’च्याच रुग्णांवर झाल्या. त्यांत अशीही मुलं होती, ज्यांचं आधीचं प्रत्यारोपण नीट रुजलं नव्हतं आणि ज्यांना दुसऱ्यांदा मज्जा द्यावी लागणार होती.